उस्तादांचा कानोसा

गेल्या सहा महिन्यांत उस्तादांनी बायकोच्या एकाही म्हणण्याला नाही म्हटलं नव्हतं, आणि बायकोची, म्हणजे माळीणबाईंची, समजूत अशी झाली होती की तीस वर्षांची मेहनत अखेर फळाला आली. त्या म्हणाल्या पडदे धुवायला काढू या, उस्ताद म्हणाले बरोबर आहे. त्या म्हणाल्या कपाटाची जागा बदलू या, उस्ताद म्हणाले बरोबर आहे. एकदा भांडी पुसता पुसता त्या म्हणाल्या की तुमच्या थोरल्या बहिणीचा स्वभाव जरा आगाऊच आहे, आणि उस्ताद पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, बरोबर आहे. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती. बहिणीविरुद्ध अवाक्षर ऐकून न घेणारा हा माणूस. पण आयतं सुख दाराशी आलं की त्याची चौकशी करत बसायला कोणाला सवड असते? बाईंनी त्याच दिवशी फोन करून ही बातमी लेकीला कळवली. लेकीनं आधी विचारलं की बाबांची तब्येत ठीक आहे ना.

नवराबायको दोघंही एकाच प्रशिक्षण संस्थेत नोकरीला होते. संस्थेचा पसारा मोठा. शिकणाऱ्यांच्या राहायच्या इमारती, त्यांच्या मधोमध खेळाची दोन मैदानं, आणि उरलेल्या जागेत जिथं नजर टाकाल तिथं हिरवळ. ती कापायचं काम उस्तादांचं. तिच्या कडेचे फुलांचे वाफे बाईंचे. दोघांच्या हद्दी एकमेकींना लागून असल्यामुळे भांडायला विषय शोधावा लागत नसे. उस्तादांचं चाक वाफ्याच्या काठावरून गेलं तर बाई ढासळलेली माती टोपलीत भरून त्यांच्यासमोर नेऊन ठेवत, आणि बाईंचा पाण्याचा पाइप हिरवळीवर राहिला तर उस्ताद तो गुंडाळून संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर ठेवत. पाइप उचलल्याशिवाय ताटं मांडता येत नसत.

उस्तादांचं यंत्र म्हणजे ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे तीन दांड्यांवर जोडलेला मोवर. पलंगाएवढं रुंद, पसरट लोखंडी झाकण, चार कोपऱ्यांना चार लहान चाकं, आणि झाकणाखाली ओळीनं तीन पाती. ट्रॅक्टरच्या मागून निघणारा शाफ्ट ती फिरवतो. रानातलं वाढलेलं गवत झोडायचं हे यंत्र नव्हे. हे हिरवळीची दाढी करणारं यंत्र, आणि उस्तादांचा हात असा की कापून झाल्यावर मैदानावर चादर अंथरल्यासारखं दिसायचं. पण त्यांना उस्ताद म्हणत ते त्या हातासाठी नव्हे, शिस्तीसाठी. कापायच्या आधी ते अख्खं मैदान पायी फिरत आणि दगड, बाटल्यांची झाकणं, तारेचे तुकडे वेचून खिशात भरत, कारण पात्याखाली आलेला खडा कोणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नसतो. मैदानावर एक जरी माणूस असला तरी यंत्र सुरू होत नसे. मडगार्डवर कोणाला बसू देत नसत. उतारावर आडवं चालवत नसत. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण जरा तडकलं तरी नवं येईपर्यंत काम बंद. संस्थेच्या संचालकांना त्यांनी एकदा, गळ्यातला मफलर सुटा आहे म्हणून, ट्रॅक्टरपासून दहा पावलं मागे हटवलं होतं. संचालक हटले. मग आणखी दोन पावलं हटवलं, कारण पहिली दहा त्यांनी लहान टाकली होती.

या सगळ्या शिस्तीचा कळस म्हणजे उस्तादांचा कानोसा. पाती झाकणाखाली असतात, सीटवरून दिसत नाहीत. शाफ्ट बंद केला, इंजिन बंद केलं, तरी ती आपल्या वेगानं दहा-बारा सेकंद फिरत राहतात, आणि माणसाची बोटं जातात ती याच दहा-बारा सेकंदांत. म्हणून उस्ताद शिकवत की इथं डोळा कामाचा नाही, कान लावा. आधी शाफ्ट बंद, मग मोवर जमिनीला टेकवा, मग इंजिन बंद, किल्ली खिशात, तोंड समोर आणि कान मागे. मागून एक बारीक गुणगुण येते. ती उतरत जाते, विरते, संपते. ती संपली की पाय खाली, त्याआधी नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते सीटवर बसवून डोळे मिटायला लावत आणि गुणगुण संपल्यावर हात वर करायला सांगत. ज्याचा हात लवकर वर गेला त्याची त्या दिवशी धडगत नसे.

बाईंचा या कानोशाशी तसा काही संबंध नव्हता. पण वर्षानुवर्षं हिरवळीच्या कडेला खुरपत बसल्यामुळे तो त्यांच्या कानांत पक्का बसला होता. इंजिन बंद होई, गुणगुण येई, गुणगुण संपे, आणि मग उस्तादांच्या बुटांचा धप्प आवाज. एका सोमवारी गुलाबांच्या वाफ्यात बसल्या असताना धप्प आधी झालं आणि गुणगुण नंतर संपली.

बाईंनी मान वर केली. उस्ताद ट्रॅक्टरला वळसा घालून मागे निघाले होते, चेहऱ्यावर नेहमीचा रुबाब. बाईंना वाटलं, आपलीच ऐकण्यात चूक झाली असेल. बुधवारी त्यांनी मुद्दाम कान टवकारले. इंजिन बंद झालं, आणि झालं त्याच क्षणी बूट खाली. मागे पाती आपली खुशाल गात होती.

त्या संध्याकाळी उस्ताद पेपर वाचत असताना बाई त्यांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या की अहो, स्वयंपाकघराला आग लागली आहे. उस्ताद म्हणाले, बरोबर आहे.

 बाईंवर एकदम दोन दुःखं कोसळली. पहिलं, नवऱ्याचे कान गेले. दुसरं, नणंदेबद्दल मिळालेली कबुली रद्द झाली. दुसरं दुःख पहिल्याच्या मानानं किरकोळ, हे त्यांनाही कळत होतं, पण ते झालंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

त्या माणसाची चूक तशी काहीच नव्हती. कान काही एका दिवसात जात नाहीत, आणि जाताना सांगून जात नाहीत. मोठे आवाज उस्तादांना नीट येत होते. इंजिन येत होतं, शिट्टी येत होती, समोर उभं राहून बोललेलं येत होतं. गेले होते ते बारीक आवाज, आणि पाठीमागून आलेलं बोलणं किंवा हाक तर पुसटच पोचे. त्यामुळे उस्तादांच्या लेखी इंजिन बंद झालं की पाती थांबलेलीच असत. ते रोज मनापासून कानोसा घेत, त्यांना रोज शांतता मिळे, आणि ते रोज आपल्या नियमाप्रमाणे खाली उतरत.

बाईंनी त्यांना समोर बसवून, चेहऱ्यासमोर चेहरा धरून सांगितलं. म्हणाल्या, पाती फिरत असतात आणि तुम्ही उतरता. उस्ताद आधी हसले. तीस वर्षं दोघांनी एकमेकांची फिरकी घेण्यात घालवली होती. त्यात खरं बोलायची वेळ आली की ते कोणत्या तोंडानं बोलायचं याची सोयच त्या घरात नव्हती. बाईंनी पुन्हा सांगितलं, शपथ घातली. तेव्हा मात्र उस्ताद चिडले. वाफ्यातली माणसं हल्ली यंत्रं शिकवायला लागली काय, असं म्हणाले. कान अगदी ठणठणीत आहेत, लोकच अलीकडे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं तर तेवढं मात्र नेमकं ऐकू आलं, आणि विषय संपला.

व्यवस्थापकांना सांगावं, तर तिथं वेगळीच अडचण. ज्याच्या डोळ्यांत किंवा कानांत दोष आहे त्यानं फिरत्या यंत्राला हात लावायचा नाही, असा संस्थेचा नियम होता, आणि तो उस्तादांनीच व्यवस्थापकांच्या मागे लागून करून घेतला होता. नियमाखाली पहिला सापडला तो वीजतंत्री. त्याची नजर कमी झाली तसं त्याला खुर्च्यांच्या कोठीत बसवलं. सभागृहाच्या खुर्च्या द्यायच्या, घ्यायच्या, रचायच्या. सहा महिन्यांत तो खुर्च्यांशी बोलायला लागला असं लोक म्हणत. उस्तादांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. ट्रॅक्टरवरून उतरवून त्यांना त्या कोठीत बसवलेलं बाईंच्या डोळ्यांपुढे येई आणि तोंडाशी आलेला शब्द त्या गिळून टाकत. एका बाजूला नवऱ्याची बोटं, दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा जीव की प्राण. बायको असले हिशेब करते तेव्हा कोणी तिला विचारत नाही की तू झोपतेस केव्हा.

मग त्यांनी त्यांच्या परीनं तोडगा काढला. उस्ताद ज्या बाजूला कापत असतील त्या बाजूच्या वाफ्यात नेमकं तण वाढू लागलं. मंगळवारी दक्षिणेला यंत्र, तर बाई दक्षिणेला. गुरुवारी मैदानापाशी यंत्र, तर बाई मैदानापाशी. इंजिन बंद झालं की त्या काहीतरी निमित्त काढून हात हलवत पुढ्यात येत, उस्तादांना सीटवरच बोलण्यात गुंतवत, आणि मागची गुणगुण संपली की निघून जात. त्यांच्या हाताखालच्या माणसांना वाटलं, या वयात हे काय नवीन. उत्तरेकडचे वाफे सुकायला लागले. उस्ताद मात्र मनातून खूश होते. ते एकाला म्हणाले की हिला हल्ली मी दिसलो नाही की करमत नाही.

महिन्यातून एका शनिवारी यंत्राची देखभाल असे. त्या शनिवारी बाई चहा घेऊन शेडमध्ये गेल्या. उस्तादांनी मोवर वर उचलून चारही कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे लावले होते, कारण नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर ते कधी लोखंडाखाली जात नसत. किल्ली खिशात, शाफ्ट सोडवून बाजूला ठेवलेला, हातांत जाड मोजे. एकेक पातं काढून त्यांनी कानशीनं धार लावली, भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकानं अडकवून तोल पाहिला, जड बाजू आणखी जरा घासली, परत अडकवलं. पातं आडवं स्थिर राहिलं तेव्हाच त्यांचं समाधान झालं. मग बोल्ट आवळले, बेल्टचा ताण अंगठ्यानं दाबून बघितला, सांध्यासांध्यात ग्रीस भरलं, गिअरबॉक्समधलं तेल पाहिलं. कुठंही घाई नाही, कुठंही गाळणं नाही. मोजे काढून त्यांनी कप घेतला तेव्हा बाईंचं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. ग्रीसनं काळी झालेली, जाड, पेरांवर चिरा पडलेली दहा बोटं. त्या हातांवर बाईंचा जीव होता. तीस वर्षांत त्यांनी हे बोलून दाखवलं नव्हतं, आणि त्या दिवशीही त्या एवढंच म्हणाल्या की चहा गार होतोय.

आणि मग तो मंगळवार आला. मोठ्या मैदानावर दुसऱ्या दिवशी सामना होता, पाहुणा संघ सरावाला येऊन मैदानाच्या कुंपणाबाहेर ताटकळत होता, आणि गवतावर दव होतं. ओलं गवत कापायचं नाही हा उस्तादांचाच नियम, पण प्रशिक्षकांनी फार गळ घातली आणि त्यांनी ऊन जरा वर येताच सुरुवात केली. तरी गवत पुरतं वाळलं नव्हतंच. तिसऱ्या फेरीत मोवरच्या मागच्या तोंडाशी ओल्या गवताचा बोळा अडकला. उस्तादांनी यंत्र थांबवलं. शाफ्ट बंद केला, मोवर टेकवला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, समोर बघत कानोसा घेतला. आणि उतरले.

बाई चाळीस पावलांवर वाफ्यात होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी हाताखालच्या माणसाला काहीतरी सांगत वळल्या होत्या. धप्प ऐकून त्या फिरल्या. उस्ताद मागे पोचले होते. पाती फिरतच होती, गुणगुण अजून संपली नव्हती, आणि उस्ताद कमरेत वाकून उजवा हात त्या बोळ्याकडे नेत होते. बाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. धावून पोचायला वेळ नव्हता. हातात खुरपं होतं, ते फेकता येत नव्हतं. बाईंनी पायातली चप्पल काढली आणि जीव खाऊन भिरकावली.

ती उस्तादांच्या दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध बसली. उस्ताद ताठ झाले, हात मागे आला, आणि ते वळून बघू लागले. बाई एका पायात चप्पल घालून उभ्या होत्या. कुंपणाबाहेर पाहुणा संघ, आपला संघ, दोन प्रशिक्षक आणि चहाची किटली घेऊन आलेला माणूस, असे तीसेक जण एका रांगेत होते.  आधी कोणीतरी एक हसलं, आणि मग सगळेच हसले. त्या हसण्यात मागची गुणगुण हळूहळू उतरली आणि संपली. ती फक्त बाईंनी ऐकली.

दुपारपर्यंत ही गोष्ट संस्थेत सगळीकडे पोचली, आणि पोचता पोचता वाढली. एक चप्पल होती तिच्या दोन झाल्या. कारणंही तयार झाली. कोणी म्हणे, उस्तादांनी वाफा तुडवला. कोणी म्हणे, नणंदेचं काहीतरी असणार. बाईंना ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना त्या म्हणाल्या की राग आला होता. खरं कारण एका वाक्याचं होतं, पण त्या वाक्यानं उस्ताद ट्रॅक्टरवरून खाली आले असते. स्वतःची अब्रू गेली तर गेली, ती घरातलीच होती.  घरी बाईंनी उस्तादांसमोर बसून सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांनी डोळे मिटून घेतले. ज्याला नीट ऐकू येत नाही त्यानं डोळेही मिटले की त्याच्याशी बोलायचं तरी कसं? रात्रीचं जेवण तसंच निवलं.

बुधवारी सामना होता म्हणून व्यवस्थापकांनी दोघांना गुरुवारी सकाळी बोलावलं. व्यवस्थापक मवाळ माणूस. कोणाला रागवायची वेळ आली की आधी स्वतःचाच घाम पुसत. त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले की पाहुण्यांसमोर संस्थेची शोभा झाली, काहीतरी करणं भाग आहे. बाईंनी लेखी माफी द्यावी. शिवाय उद्यापासून त्यांनी संस्थेच्या पार मागच्या टोकाला, रोपवाटिकेत काम करावं. म्हणजे दोघांची कामावर गाठच पडणार नाही. कागद तयार होता. त्यांनी तो बाईंपुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

बाईंनी कागद पाहिला. रोपवाटिका मैदानापासून इतकी लांब होती की तिथं इंजिनाचासुद्धा आवाज पोचत नसे. माफी त्यांनी दहा वेळा लिहून दिली असती. पण तिथं गेल्यावर त्या दहा-बारा सेकंदांत ह्यांच्या मागे कोण असेल? आता सांगण्यावाचून गत्यंतर नाही हे त्यांना दिसलं. सांगितलं तर नवरा आयुष्यभर तोंड बघणार नाही हेही दिसलं. हात तरी शाबूत राहतील, असं मनाशी म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"साहेब, बदली करायची तर माझी करा," उस्ताद म्हणाले.

ते उभे होते. त्यांनी खिशातून ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि कागदावर ठेवली.

"मला ऐकू येत नाही. सहा महिने झाले असतील, जास्तही झाले असतील. काल सामना संपल्यावर मी बाजूच्या हिरवळीवर एकटा गेलो. यंत्र चालवलं, बंद केलं, आणि जन्मात पहिल्यांदा मान वळवून मागे बघितलं. कानात काही नाही, सगळं शांत. आणि झाकणामागून गवताचे तुकडे उडतायत. मी मोजलं. अकरा आकडे झाले तेव्हा थांबले. परवा मी त्यात हात घालत होतो. हिनं हाका मारल्या असणार. हिची चप्पल लागली नसती तर आज तुमच्या या कागदावर मला अंगठासुद्धा उठवता आला नसता."

व्यवस्थापकांच्या हातातला रुमाल हातातच राहिला. बाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्यांना त्या खोलीत रडताना कोणी पाहिलं नव्हतं. उस्ताद गोंधळले. चारचौघांत काय बोलायचं ते त्यांना सुचेना, म्हणून नेहमीचंच बोलले.

"तू कशाला रडतेस? लागली मला."

बाईंची बदली रद्द झाली, पण किल्ली परत मिळाली नाही. नियम म्हणजे नियम, आणि तो ज्यानं करून घेतला त्यालाच सूट मागायची लाज वाटली. उस्ताद खुर्च्यांच्या कोठीत गेले. तिथं त्यांनी पहिल्याच दिवशी पाय लुळे झालेल्या खुर्च्या वेगळ्या काढल्या, दुसऱ्या दिवशी रचलेल्या खुर्च्यांची उंची ठरवून दिली, आणि तिसऱ्या दिवसापासून वीजतंत्री त्यांना टाळू लागला. बाई दुपारी डबा घेऊन जात. खुर्च्या काही बोलतात का, असं विचारत. उस्ताद म्हणत की बोलत असतील, मला काय ऐकू येणार. पण बाई निघाल्या की ते दारापर्यंत येत आणि मैदानाकडे बघत राहत. तिथं गवत घोट्याला लागायला लागलं होतं. बाहेरून बोलावलेल्या माणसानं एकदा कापलं, पण कोपरे सोडले आणि एका उंचवट्यावर हिरवळ पार मुळापर्यंत खरवडली. त्या दिवशी उस्ताद जेवले नाहीत.

कानाच्या डॉक्टरकडे ते आता मुकाट गेले. डॉक्टरांनी कानामागे बसवायचं यंत्र दिलं आणि सांगितलं की माणसांचं बोलणं यानं छान येईल, पण तसली बारीक गुणगुण येईलच असं धरून चालू नका. उस्ताद घरी आले आणि त्यांनी एक कागद घेतला. नवा नियम लिहायला त्यांना दोन दिवस लागले. कानोसा बाद. इंजिन बंद करून किल्ली काढल्यावर सीटवर बसूनच मागे वळून बघायचं, सावकाश तीस आकडे मोजायचे, आणि लांब उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसानं हात वर केल्याशिवाय उतरायचं नाही. हा नियम सगळ्यांना, कान चांगले असोत की नसोत. कागद व्यवस्थापकांपुढे ठेवून ते म्हणाले की इतकी वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवलं, ते निस्तरायला हवं. मला ट्रॅक्टर द्या न द्या, हे मात्र लावा.

व्यवस्थापकांनी कागद दोनदा वाचला, डॉक्टरांचा दाखला वाचला, संचालकांना फोन केला, आणि दुसरा माणूस उभा राहणार असेल तर उस्तादांना ट्रॅक्टर द्यायची परवानगी घेतली. मग विचारलं की हा दुसरा माणूस कोण असावा असं तुम्हाला वाटतं. उस्ताद म्हणाले, हिचा नेम चांगला आहे.

एका सकाळी मोठं मैदान पुन्हा सुरू झालं. उस्तादांनी आधी ते पायी फिरून काढलं, खिसे भरले, कुंपणाचं दार लावून घेतलं. बाई मैदानाच्या सीमारेषेबाहेर पन्नास पावलांवर उभ्या राहिल्या. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, गवत बसत गेलं, आणि शेवटच्या पट्ट्यात यंत्र त्यांच्यासमोर येऊन थांबलं. शाफ्ट बंद झाला, मोवर टेकला, इंजिन बंद झालं. उस्तादांनी किल्ली खिशात टाकली, मागे वळून बघितलं, ओठ हलवत आकडे मोजले, आणि मग बाईंकडे तोंड केलं.

गुणगुण उतरली, विरली, संपली. बाईंचा हात वर गेला नाही. त्या कान देऊन उभ्या होत्या. संपली हे त्यांना कळलं होतं, तरी आणखी एकदा खात्री करावीशी वाटली, आणि मग आणखी एकदा. कुंपणाबाहेर प्रशिक्षक घड्याळ बघायला लागले.

झाकणामागून गवत उडायचं कधीच थांबलं होतं. सीटवरून ते स्वच्छ दिसत होतं. उस्तादांनी ते पाहिलं, आणि मांडीवर हात ठेवून बायकोकडे बघत बसून राहिले.